नाताळ हा शब्द आला कुठून? मूळ कसं शोधायचं

आपण लहानपणापासून नाताळची सुट्टी म्हणतो, पण हा शब्द ना संस्कृत ना इंग्रजी, मग आला कुठून? घरबसल्या शोधता येतं, आणि खरंच करून बघा, फार मजा येते.

पहिलं म्हणजे शेजारच्या भाषा बघायच्या. कोकणीत नाताळ, गुजरातीत नाताल, आणि थेट श्रीलंकेत सिंहलीमध्ये नत्तल. म्हणजे शब्द समुद्रावरून आलाय, आणि या सगळ्या किनाऱ्यांवर पोर्तुगीज होते, गोव्यात 1510 पासून, वसईत 1534 ते 1739. मग पोर्तुगीज डिक्शनरी उघडायची, नाताल म्हणजे ख्रिसमस. मिळालं!

पण इथेच थांबू नका, अजून मागे जा. लॅटिनमध्ये नातालिस म्हणजे जन्माचा, जन्माशी संबंधित, म्हणून येशूचा जन्मदिवस तो नाताल. फ्रेंच नोएल, इटालियन नाताले ही त्याचीच भावंडं. मला सगळ्यात आवडतं ते हे की 1497 च्या नाताळात वास्को द गामा आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळून भारताकडे येत होता त्यालाही त्याने नाताल नाव दिलं, आणि ते दक्षिण आफ्रिकेच्या क्वाझुलू-नाताल प्रांतात अजून आहे.

आवाज कसा बदलला तेही बघा, शेवटचा ल आपण ळ केला आणि शब्द एकदम घरचा वाटायला लागला.

जमलं की हीच पद्धत पाव, बटाटा, चावी, पगार यांच्यावर वापरा, सगळे त्याच जहाजांतून आलेत.