शिंजीर, वटवट्या, शिंपी या चिमुकल्या पक्ष्यांचे फोटो बिघडतात कुठे?

फोटो धूसर आला की आधी लेन्सवर खापर फुटतं. लेन्सचा दोष क्वचितच असतो. फोटो १०० टक्के मोठा करा आणि पक्ष्याचा डोळा व त्याच्या पायाखालची काडी पाहा. काडी रेखीव आणि पक्षी फिसकटलेला, तर पक्षी हलला. दोन्ही एकाच दिशेला ओढल्यासारखे दिसले, तर हात हलला. मागचं पान रेखीव असेल तर फोकस चुकला. सगळंच पाण्यातून पाहिल्यासारखं थरथरत असेल, तर तो तापलेल्या जमिनीवरच्या हवेचा खेळ. त्यावर सेटिंग नाही. सकाळी लवकर या आणि अंतर कमी करा.

४०० मिमीच्या लेन्सला १/४०० सेकंदाचा शटर स्पीड पुरे, हा हिशेब हाताच्या कंपाचा. वटवट्याच्या शेपटीला तो लागू नाही. फांदीवर बसलेल्याला १/१०००, पळसाच्या फुलांवर उलटसुलट लोंबणाऱ्या शिंजिराला १/२००० ठेवा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटो, कमाल ६४००. फोटोतले दाणे नंतर कमी करता येतात, हललेला डोळा सावरत नाही. स्टॅबिलायझरही फक्त तुमचा हात सांभाळतो.

फोकस नुसता पुढेमागे धावतोय? लेन्सच्या कडेचा लिमिटर, म्हणजे फोकस किती अंतरात शोधायचा ते ठरवणारं बटण, बघा. आदल्या दिवशी घारीसाठी तो ‘१० मीटर ते अनंत’वर सरकवलेला असतो आणि शिंपी बसलेला असतो ५ मीटरवर! झुडपात सिंगल पॉइंट, म्हणजे फोकसचा एकच बिंदू, वापरा. मोठा फोकस एरिया हमखास पुढची काटकी पकडतो.

पांढऱ्या आभाळासमोर पक्षी काळाठिक्कर पडतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजळपणा कमी-जास्त करणारं सेटिंग) +१ ते +१.३ करा. मागे गर्द सावली असेल तर −०.७. जांभळ्या शिंजिराच्या नराची झळाळी पिसांच्या रचनेतून येते, म्हणून ऊन तुमच्या पाठीमागून हवं. एरवी तो नुसता काळा.

पक्ष्यामागे धावू नका. फुललेल्या पळसाजवळ वीसेक मिनिटं बसा, तोच पुन्हा येतो. मोबाइलवर त्याची शीळ वाजवणं तर नकोच: हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून तो चारा टाकून भांडायला येतो.

आणि घरटं दिसलं तरी आडवं येणारं पान बाजूला करू नका. शिंप्याचं घरटं पानांच्या कडा शिवूनच झालेलं असतं. आडोसा सरला की पिल्लांवर ऊन येतं आणि भारद्वाजाला वाट दिसते.