एलडब्ल्यूआयपी: काही तासांनी पिंग बंद, लिंकचा दिवा मात्र चालू

लक्षण: एलडब्ल्यूआयपी (lwIP, छोट्या बोर्डांसाठीची टीसीपी/आयपी नेटवर्क लायब्ररी) वापरणारा बोर्ड काही तास नीट चालतो, मग पिंगला उत्तर नाही आणि पीबफ_अलॉक (pbuf_alloc, पॅकेटसाठी बफर मागणारं फंक्शन) नल देतं, म्हणजे बफर मिळत नाही. बफरांचा पूल (राखीव साठा) १६ वरून ३२ केला. बंद पडायला फक्त जास्त वेळ लागला. फार वैताग आला.

लायब्ररीची आकडेवारी चालू केल्यावर दिसलं: ब्रॉडकास्टच्या प्रत्येक लोंढ्यानंतर पूलचा 'युज्ड' आकडा चढतो, उतरत नाही. मेलबॉक्स (लायब्ररीच्या थ्रेडकडे जाणाऱ्या पॅकेटांची रांग) भरला की टीसीपीआयपी_इनपुट (tcpip_input, आलेलं पॅकेट लायब्ररीकडे देणारं फंक्शन) ईआरआर_मेम (ERR_MEM) ही चूक परत करतं, आणि मग त्या पॅकेटचा बफर मोकळा करणं ड्रायव्हरचं काम. आमचा ड्रायव्हर इनपुटचं उत्तर बघतच नव्हता, म्हणून बफर गळत होते.

आधी इनपुटचं उत्तर तपासा. ईआरआर_ओके (सगळं ठीक) नसेल तरच पीबफ_फ्री (बफर मोकळा करणारं फंक्शन) बोलवा, लगेच पॉइंटर नल करा. ओके आल्यावर फ्री केलंत तर तोच बफर दोनदा मोकळा होतो, हे गळतीपेक्षा वाईट. शेवटी फ्लड पिंग (न थांबता भराभर पिंग) मारा. थांबल्यावर 'युज्ड' मूळ आकड्यावर आला पाहिजे.