गिअरबॉक्स बदलल्यानंतर क्लच नीट चालत नसेल तर : बॉक्स पुन्हा उतरवण्यापूर्वीची तपासणी

गिअरबॉक्स बदलल्यानंतर लगेच क्लचची तक्रार सुरू झाली, तर दोष बहुधा झिजेचा नसून जुळणीचा आहे, असे धरूनच तपासणीला हात घालावा. क्लच प्लेट नवी, ती दाबून धरणारी प्रेशर प्लेट नवी, पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेट सोडवणारे रिलीज बेअरिंगही नवे, आणि तरीही गिअर पडत नसेल, तर आणखी एक नवा सेट आणून काहीही साधत नाही. कोल्हापुरात हा प्रश्न थोड्या वेगळ्या वळणाने येतो. शिवाजी उद्यमनगरात लेथ, ग्राइंडिंग आणि वेल्डिंगची दुकाने एकमेकांना लागून असल्यामुळे जुन्या जीपला पाच गिअरचा बॉक्स बसवायचा म्हटला, तर लागणारा बुश किंवा अडॅप्टर प्लेट गावातच तयार होऊ शकते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु एका गाडीचा फ्लायव्हील (इंजिनच्या टोकाचे जड चक्र, ज्यावर क्लच प्लेट दाबली जाते), दुसरीची प्रेशर प्लेट आणि तिसरीचा बॉक्स असे एकत्र येतात, आणि प्रत्येक भाग स्वतंत्रपणे चांगला असूनही त्यांची मापे एकमेकांशी कोणी पडताळलेली नसतात.

सर्वप्रथम तक्रार क्लचचीच आहे का, हे ठरवावे. गाडी सपाट जागेवर उभी करून चाकांना दगड लावावेत आणि इंजिन बंद ठेवून सगळे गिअर एकामागून एक टाकून पाहावेत. बंद इंजिनवरही गिअर अडत असतील, तर क्लचला दोष देण्यात अर्थ नाही. गिअर लिव्हरच्या केबल किंवा रॉडची जुळणी चुकली आहे, असे समजून आधी ती नीट करावी. बंद इंजिनवर सगळे गिअर सहज पडतात, पण इंजिन सुरू केल्यावर पहिला गिअर अडतो आणि रिव्हर्स टाकताना दात घासल्याचा आवाज येतो, असे असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. खात्री करून घ्यायची असेल, तर चालणारी चाके जॅक स्टँडवर नीट उचलून, पेडल पूर्ण दाबून पहिला गिअर टाकावा आणि हलक्या ब्रेकने चाके थांबवून पाहावीत. ब्रेक सोडताच चाके जोराने फिरू लागली, तर प्लेट फ्लायव्हीलला अजून धरून आहे. नुसत्या जॅकच्या भरवशावर ही चाचणी कधीही करू नये.

यानंतर बाहेरून हात पोहोचतो तेवढे सगळे तपासावे. हायड्रॉलिक (पाइपातल्या ऑइलच्या दाबावर चालणारा) क्लच असेल तर पेडल तीन-चार वेळा भराभर मारून लगेच गिअर टाकून पाहावा. त्यानंतर गिअर सहज पडला, तर पाइपात हवा आहे किंवा पेडलकडच्या मास्टर सिलिंडरचे सील दाब धरत नाही. बॉक्स बदलताना बॉक्सकडचा स्लेव्ह सिलिंडर सुटा केलेला असतोच, त्यामुळे हवा शिरणे स्वाभाविक आहे. मात्र ती वारंवार काढूनही पेडल मऊच राहत असेल, तर ब्लीडिंगचा, म्हणजे हवा काढण्याचा, निपल सिलिंडरच्या सर्वांत वरच्या बाजूला आहे का, ते पाहावे. दुसऱ्या बॉक्सवर स्लेव्ह उलटा बसला की निपल खाली जातो आणि हवा वरच्या कोपऱ्यात अडकून बसते. मग कितीही ऑइल ओतले तरी ती बाहेर येत नाही. अशा वेळी सिलिंडर ब्रॅकेटवरून सोडवून, निपल वर राहील असा हातात धरावा, त्याचा पिस्टन हळूहळू पूर्ण आत दाबावा आणि हवा ऑइलच्या टाकीकडे परत जाऊ द्यावी. नेहमीच्या पद्धतीत एकाने पेडल सावकाश दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल उघडून लगेच बंद करायचा आणि त्यानंतरच पेडल सोडायचे, हा क्रम चुकू नये. ज्या गाडीत स्लेव्ह सिलिंडर बॉक्सच्या आत इनपुट शाफ्टभोवती (इंजिनकडून बॉक्समध्ये येणाऱ्या दांड्याभोवती) बसतो, तिथे बॉक्स इंजिनला पूर्ण आवळण्यापूर्वी पेडलला पायही लावू नये, कारण पिस्टन मर्यादेबाहेर जाऊन सील निकामी होते आणि सगळे काम पुन्हा मुळापासून करावे लागते. या टाकीच्या झाकणावर लिहिलेलेच ऑइल वापरावे. बहुतेक गाड्यांत ते डॉट ३ किंवा डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल असते. त्यात इंजिन ऑइल चुकूनही पडू नये, कारण त्याने रबरी सील फुगतात.

हवा निघाली, पेडल कडक झाले, तरीही गिअर अडत असेल, तर मोजमाप करावे. बॉक्स उतरवण्याची घाई बहुतेकजण या टप्प्यावर करतात, आणि माझ्या मते सर्वाधिक वेळ व पैसा इथेच वाया जातो. सहकाऱ्याला पेडल पूर्ण दाबायला सांगून स्लेव्हचा रॉड किती मिलिमीटर सरकतो, ते स्टीलच्या पट्टीने मोजावे. मास्टरचा बोअर (आतला व्यास) ५/८ इंच आणि स्लेव्हचा ३/४ इंच असेल, तर मास्टरमधील पिस्टन ३० मिमी सरकल्यावर स्लेव्हचा रॉड साधारण २०.८ मिमी सरकतो. नव्या बॉक्ससोबत ७/८ इंचाचा स्लेव्ह आला आणि मास्टर जुनाच राहिला, तर तोच रॉड जेमतेम १५.३ मिमी सरकतो. रिलीज बेअरिंग ढकलणाऱ्या फोर्कमुळे ही चाल निम्मी होते असे धरले, तर रिलीज बेअरिंगला पहिल्या जोडीत १०.४ मिमी आणि दुसरीत साडेसात मिमीच्या आसपास चाल मिळते. डायफ्रामच्या (चकतीसारख्या स्प्रिंगच्या) प्रेशर प्लेटला छोट्या गाड्यांत साधारण ८ ते १० मिमी चाल लागते, म्हणजे दुसऱ्या जोडीत एकही भाग खराब नसताना क्लच सुटणार नाही. गणित सोपे आहे : मास्टरच्या व्यासाच्या वर्गाला स्लेव्हच्या व्यासाच्या वर्गाने भागावे आणि येणाऱ्या आकड्याने मास्टरची चाल गुणावी. केबल क्लचमध्ये हेच काम केबलच्या बाहेरच्या आवरणाची लांबी आणि फोर्कची लांबी करते. दुसऱ्या मॉडेलचा फोर्क लावलेला असेल, तर ॲडजस्टरचा नट शेवटपर्यंत फिरवूनही चाल पुरत नाही.

चाल पुरेशी मिळते आणि तरीही क्लच सुटत नाही, असे निश्चित झाल्यावरच बॉक्स उतरवावा. पहिला संशय क्लच प्लेट उलटी बसल्याचा घ्यावा. बऱ्याच प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू लिहिलेली असते; नसल्यास स्प्रिंगांचा फुगलेला हब (मधला भाग) बहुधा बॉक्सकडे असतो. उलट्या प्लेटचा हब फ्लायव्हीलच्या बोल्टांवर घासतो आणि तिथे चकचकीत खुणा उमटतात. दुसरी शक्यता अशी, की बॉक्स चढवताना त्याचे वजन काही वेळ इनपुट शाफ्टवर लोंबकळत राहिले आणि प्लेट हबजवळ वाकली. बेल हाउसिंग (बॉक्सचा क्लच झाकणारा भाग) आणि इंजिन यांच्यात बोटभर फट असताना बोल्ट आवळून बॉक्स ओढून घेणे ही सवय मोडलीच पाहिजे. प्लेट केंद्रात असेल, तर बॉक्स हाताने ढकलून पूर्ण बसतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) टोकाला पायलट बुश किंवा बेअरिंग असते. त्याचे आतले माप नव्या शाफ्टच्या टोकाशी जुळत नसेल, तर शाफ्ट क्रँकबरोबरच फिरत राहतो आणि लक्षणे थेट क्लच न सुटल्यासारखी दिसतात. जुळणीच्या डॉवेल पिना हरवल्या असतील, तर बॉक्स केसभर तिरका बसतो, आणि तेवढाही पुरेसा असतो.

जुन्या बाजारातून बॉक्स घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या महापुरात असंख्य वाहने पाण्याखाली गेली होती, आणि अशा गाडीचा बॉक्स बाहेरून कितीही स्वच्छ पुसलेला असला, तरी इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांब खाचांवर) गंजाचे खड्डे राहतात. नवी प्लेट त्या शाफ्टवर हाताने विनासायास सरकते का, हे बसवण्यापूर्वी पाहावे. अडखळत असेल तर बारीक वायर ब्रशने स्प्लाइन साफ करून अगदी नखभर ग्रीस लावावे. जास्त लावलेले ग्रीस फिरताना उडून लायनिंगवर, म्हणजे प्लेटच्या घासणाऱ्या थरावर, जाते.

फ्लायव्हील ग्राइंडिंगला दिला असल्यास किती धातू काढला, हे दुकानदाराकडून लिहून घ्यावे. प्रेशर प्लेट ज्या कडेवर बसते, ती घासणाऱ्या पृष्ठभागापेक्षा उंच किंवा खोल असेल, तर दोन्ही पृष्ठभाग समान कापले गेले पाहिजेत. फक्त मधला भाग कापल्यास प्लेटवरचा दाब बदलतो. दोन भागांच्या स्प्रिंगवाल्या फ्लायव्हीलऐवजी साधा एकसंध फ्लायव्हील बसवला असेल, तर प्लेटही हबमध्ये स्प्रिंगा असलेलीच हवी, अन्यथा कमी वेगात बॉक्समधून खडखड येत राहील.

आता उलटी तक्रार : क्लच सुटतो, पण धरत नाही. इंजिनचे आरपीएम वाढतात आणि गाडीचा वेग वाढत नाही, हे चढावर लगेच कळते, पण त्यासाठी गगनबावड्याच्या घाटात जाण्याची गरज नाही. मोकळ्या जागेत हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडावा. इंजिन ताबडतोब बंद पडले पाहिजे. ही चाचणी एकदाच करावी, कारण तीच प्लेट तापवते. गाडी थंड असताना ठीक आणि तापल्यावर स्लिप, असे असेल तर मास्टरचा पुश रॉड जास्त लांब ठेवलेला असण्याची दाट शक्यता आहे. पिस्टन पूर्ण मागे येत नाही, तापलेल्या ऑइलला टाकीकडे परत जायला वाट राहत नाही, आणि कोणीही पेडल न दाबता क्लच अर्धवट दाबलेला राहतो. स्लिप होत असतानाच गाडी थांबवून, हातमोजे घालून निपल किंचित सैल करावा. ऑइल जोराने उडाले आणि स्लिप थांबली, तर रॉड आखूड करून पेडलला थोडा मोकळा खेळ ठेवावा. असे काही न आढळल्यास बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून तेल गळते का, ते पाहावे. काळे तेल क्रँकच्या मागच्या सीलचे असते. गंधकासारखा उग्र वास येणारे घट्ट तेल बॉक्सच्या इनपुट सीलचे. तेल मुरलेली लायनिंग पेट्रोलने धुऊन वापरू नये, ती बदलावीच.

क्लच सोडताना गाडी थरथरत असेल, तर प्लेटकडे जाण्याआधी इंजिन आणि बॉक्सची माउंटिंगे आवळून पाहावीत. बॉक्स बदलताना ती सैल केलेली असतातच. आवाजाचा निवाडा पेडलवरून होतो : दाबल्यावर सुरू होणारा आवाज रिलीज बेअरिंगचा किंवा पायलट बेअरिंगचा, तर न्यूट्रलमध्ये येणारा आणि पेडल दाबताच थांबणारा आवाज बॉक्सच्या इनपुट बेअरिंगचा. नव्याने बसवलेल्या बॉक्समध्ये तेल भरले आहे ना, हे मात्र कोणताही आवाज ऐकण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

सगळे जुळल्यावर पहिले पाचशे किलोमीटर ओझे न लादता, वारंवार गिअर बदलावे लागतील अशा शहरातल्या रस्त्यांवर गाडी चालवावी, म्हणजे लायनिंग फ्लायव्हीलवर सारखी बसते. पन्हाळ्याचा किंवा जोतिबाचा चढ आणि मागे लावलेली ट्रॉली त्यानंतर. या काळात टाकीतली ऑइलची पातळी दर आठवड्याला पाहावी, आणि ती खाली जात असेल तर वरून ओतत न राहता स्लेव्हच्या रबरी बुटाखाली बोट फिरवून ओल लागते का, ते तपासावे.