गॉथिक ते प्रबोधनकाळ: जुनी युरोपीय चित्रे आणि शिल्पे पाहताना या चुका टाळा

इ.स. १३०० ते १४५० या दीडशे वर्षांतील युरोपीय चित्र-शिल्पांवरचे निबंध मी बरीच वर्षे तपासत आलो आहे आणि त्यांत दरवर्षी त्याच त्या चुका आढळतात. वरकरणी त्या वेगवेगळ्या वाटल्या, तरी बहुतेकींच्या मुळाशी एकच गृहीतक असते: आज आपल्याला जे दिसते, ते कलावंताने तसेच आणि तिथेच दिसावे म्हणून घडवले होते.

यांतली सर्वांत मोठी चूक म्हणजे तुकड्याला पूर्ण चित्र समजणे. एका विद्यार्थ्याने सिएनाचा चित्रकार दुच्चो याच्या ‘जन्मांधाला दृष्टी’ या लहानशा चित्रावर चार पाने लिहिली होती. हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. दृष्टी मिळालेला माणूस उजव्या कडेला उभा राहून मान वर करून चौकटीच्या बाहेर बघतो, त्यामुळे पाहणाऱ्याची नजर चित्रातून निसटते, रचना सैल पडते आणि मध्ययुगीन चित्रकारांना रचनेचे भान नव्हते हे यावरून सिद्ध होते, असा त्याचा युक्तिवाद होता. मला वाईट वाटले ते यासाठी, की त्याचे निरीक्षण अचूक होते. तो माणूस खरोखरच बाहेर बघतो. चुकला होता तो फक्त निष्कर्ष.

हे चित्र सिएनाच्या कॅथीड्रलसाठी केलेल्या ‘माएस्ता’ या अवाढव्य वेदीचित्राचा, म्हणजे चर्चच्या वेदीवर उभारलेल्या चित्राचा, एक तुकडा आहे. दुच्चोला हे काम १३०८ मध्ये मिळाले आणि ९ जून १३११ रोजी तयार वेदीचित्र मिरवणुकीने कॅथीड्रलमध्ये नेण्यात आले. ते दोन्ही बाजूंनी रंगवलेले होते: भाविकांच्या बाजूला संतांच्या मेळ्यात बसलेली मेरी, तर मागच्या बाजूला ख्रिस्ताच्या जीवनातील प्रसंगांच्या ओळी. तळाशी लहान चित्रांची पट्टी होती, जिला प्रेडेला म्हणतात. १७७१ मध्ये हे वेदीचित्र करवतीने कापून सुटे करण्यात आले. त्याचा मोठा भाग आज सिएनाच्या कॅथीड्रल संग्रहालयात आहे, तर काही तुकडे लंडन, वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कला गेले. मागच्या प्रेडेलावर या जन्मांधाच्या लगेच उजवीकडे ख्रिस्ताच्या रूपांतराचा प्रसंग होता, म्हणजे डोंगरावर तेजोमय झालेला ख्रिस्त. नुकतीच दृष्टी मिळालेला माणूस मान वर करून पाहत होता तो त्या तेजाकडे. दुच्चोने दोन चित्रांमध्ये नजरेचा पूल बांधला होता. रचनेत दोष नव्हता, करवतीने तो पूल तोडला होता.

म्हणून वेदीचित्राच्या कोणत्याही तुकड्यावर लिहिण्याआधी मी वहीच्या एका पानावर संपूर्ण वेदीचित्राचा आराखडा हाताने काढतो आणि हा तुकडा कुठे होता, त्याच्या डावी-उजवीकडे काय होते, पाहणाऱ्याच्या डोळ्यांपासून तो किती खाली किंवा वर होता, याची खूण करतो. विद्यार्थी तयार आराखडा मागतात, तो मी देत नाही. छापील आकृती पाहून पान उलटणाऱ्याच्या लक्षात काहीच राहत नाही. स्वतःच्या हाताने चौकटी आखणाऱ्याला मात्र शेजारच्या चौकटीत काय होते, हा प्रश्न आपोआप पडतो.

याच चित्रात दोन आंधळे आहेत, असेही अनेकजण लिहितात. तो एकच माणूस आहे: आधी ख्रिस्ताचा स्पर्श घेणारा आणि नंतर कुंडापाशी डोळे धुऊन उभा राहिलेला. अजिंठ्याच्या जातककथांमध्ये एकच पात्र सलग चित्रात पुन्हा पुन्हा येते आणि तिथे आपला गोंधळ होत नाही. मग सिएनात तो का व्हावा, हे मला कळत नाही.

दुसरी चूक हिरव्या चेहऱ्यांची. सिएना आणि फ्लॉरेन्सच्या जुन्या टेंपेरा चित्रांत, म्हणजे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांच्या चित्रांत, मेरीचा आणि संतांचा वर्ण हिरवट दिसतो. त्यावर शोकाचा रंग, वैराग्याचा रंग, बिझंटाइन गूढता असे नाना अर्थ लादले जातात. हे चेहरे रंगवले तेव्हा असे नव्हते. चेन्नीनो चेन्नीनी या चित्रकाराने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत ही पद्धत नोंदवलेली आहे. त्वचेच्या जागी आधी हिरव्या मातीच्या रंगाचा थर द्यायचा आणि त्यावर गुलाबी छटा बारीक रेघांनी चढवायच्या. हिरवा खालून किंचित जाणवला की गुलाबी जिवंत वाटतो आणि सावल्या थंड राहतात. शतकानुशतकांच्या घासण्या-पुसण्याने वरचा पातळ गुलाबी थर झिजला आणि खालचा हिरवा उघडा पडला. आपण पाहतो ती चित्राची झीज असते.

एका विद्यार्थिनीने अशा चित्राची प्रत करताना रंगपाटीवर गुलाबीतच हिरवा मिसळला आणि तो चेहऱ्यावर एका हातात सपाट लावून टाकला. वेळ वाचेल, असे तिचे म्हणणे होते. तयार झालेला चेहरा मातकट आणि निर्जीव दिसत होता. तीन वेळा नवा रंग चढवूनही तो सुधारेना, तेव्हा मी तिला सगळे खरवडून पुन्हा सुरुवात करायला लावले. आधी हिरव्या मातीत पांढरा मिसळून दोन पातळ हात, ते वाळू द्यायचे आणि मग अगदी बारीक कुंचल्याने, केसासारख्या रेघांनी गुलाबी. अंड्याच्या बलकात कालवलेला रंग पाहता पाहता वाळतो, त्यामुळे तैलरंगासारखा तो ओला असताना एकमेकांत मिसळता येत नाही. रेघांवर रेघा देण्याशिवाय गत्यंतर नसते. तिला त्यासाठी नऊ दिवस लागले आणि दहाव्या दिवशी ती स्वतःहून दुसरा चेहरा रंगवायला बसली. घाईची सवय असलेल्या नवशिक्यांना मी हेच माध्यम आधी देतो. चेन्नीनी तर तरुण चेहऱ्यांसाठी शहरातल्या कोंबडीच्या अंड्याचा फिकट बलक आणि वृद्ध, सावळ्या चेहऱ्यांसाठी खेड्यातल्या कोंबडीचा तांबूस बलक वापरायला सांगतो. ज्या परंपरेत बलकाच्या रंगाचाही विचार होत होता, तिथे चेहरा चुकून हिरवा राहिला असेल, असे मानणे मला अन्यायाचे वाटते.

शिल्पांच्या बाबतीत उंची विसरली जाते. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलसाठी दोनातेल्लोने घडवलेल्या बसलेल्या संत योहानाचे छायाचित्र समोरून पाहिले, तर धड लांब आणि मांड्या आखूड दिसतात. ही मूर्ती दर्शनी भिंतीच्या कोनाड्यात, खालून वर पाहण्यासाठी केलेली होती. खालून पाहिल्यास धड आखूड भासते आणि प्रमाण जुळून येते. मी संग्रहालयात अशा शिल्पासमोर नेहमी खाली बसतो. वर्गात छायाचित्र दाखवायचे असेल, तेव्हा ते शक्यतो खालच्या कोनातून घेतलेले निवडतो.

शिल्प पांढरेच असावे, हा समजही सोडायला हवा. दिजोंजवळच्या मठात क्लाउस स्लूटरने घडवलेल्या ‘मोशेच्या विहिरी’वरील संदेष्टे रंगवलेले आणि सोनेरी मुलाम्याचे होते, त्यांवर रंगाच्या खुणा आजही आहेत. याउलट प्रत्येक बिनरंगी शिल्पाचा रंग उडाला असेल, असेही धरू नये. टिल्मान रीमेनश्नायडरने म्युनरश्टाटची लाकडी वेदी १४९२ मध्ये बिनरंगीच पूर्ण केली आणि नंतर ती फाइट श्टोसकडून रंगवून घेण्यात आली.

भिंतीवरच्या प्रत्येक चित्राला फ्रेस्को म्हणू नये. ओल्या गिलाव्यावर लावलेला रंग गिलावा वाळताना त्यातच बांधला जातो, तो खरा फ्रेस्को. अजिंठ्याची चित्रे कोरड्या लेपावरची आहेत. पादुआच्या चॅपेलमध्ये जोत्तोनेसुद्धा निळा रंग वाळलेल्या गिलाव्यावर दिला आणि म्हणूनच ख्रिस्तजन्माच्या प्रसंगात मेरीच्या वस्त्राचा निळा गळून गेला आहे. यान व्हान आइकने तैलरंगाचा शोध लावला, हेही लिहू नये. बाराव्या शतकातल्या थिओफिलसच्या ग्रंथात जवसाच्या तेलात रंग कालवण्याची कृती आहे. व्हान आइकच्याच आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रातील स्त्री गर्भवती नसून तिने भरघोस वस्त्र पोटाशी उचलून धरले आहे.

शेवटची चूक पाठांतराने पसरते: सोनेरी आणि सपाट ते गॉथिक, म्हणजे मध्ययुगाच्या उत्तरार्धातले, आणि खोली असलेले ते प्रबोधनकाळाचे. जेन्तीले दा फाब्रियानोने ‘राजांचे वंदन’ हे सोन्याने झळाळणारे वेदीचित्र १४२३ मध्ये फ्लॉरेन्समध्ये पूर्ण केले आणि त्याच शहरात, त्याच दशकात मासाच्चो ब्रांकाच्ची चॅपेलच्या भिंती रंगवत होता. पहिल्याला मागासलेला आणि दुसऱ्याला पुढारलेला ठरवणाऱ्यांनी जेन्तीलेच्या प्रेडेलातील ख्रिस्तजन्माची रात्र पाहावी, जिथे बाळापासून निघणाऱ्या प्रकाशाने सावल्या पडल्या आहेत. आणि ती पाहताना उजव्या टोकाचे तिसरे चित्रही नीट न्याहाळावे, कारण फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहालयात तिथे प्रतिकृती बसवलेली आहे आणि मूळ चित्र पॅरिसच्या लुव्ह्रमध्ये आहे.