सर्दीला ओव्याची पुरचुंडी, आजीच्या पद्धतीने

पुण्यात पाऊस सुरू झाला की घरात एकाचं तरी नाक वाहतंच, तेव्हा आमच्याकडे आधी ओव्याचा डबा निघतो. मंडईजवळच्या दुकानातून ओवा घेताना चिमूटभर तळहातावर चोळून बघा, वास नाकात झणकन गेला पाहिजे, नाहीतर जुना माल समजायचा.

दोन चमचे ओवा कोरड्या तव्यावर मंद आचेवर परता, जरा तडतडला की बस. मी एकदा फोनवर बोलत बसले आणि तो करपला, घरभर धूर, सगळे खोकतायत! मग जुन्या सुती रुमालात घट्ट बांधा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा आणि छाती-पाठ शेका, मधूनमधून वास घ्या. तान्ह्या बाळाच्या नाकाशी मात्र अजिबात नेऊ नका.

तो झणझणीत वास ओव्यातल्या थायमॉल नावाच्या द्रव्याचा, आपलं ओवाफूल तेच. पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा थायमॉल काढायला थेट जर्मनीला जायचा, तेव्हा पोटातल्या हुकवर्म नावाच्या जंतांवरही ते औषध म्हणून द्यायचे. पोट फुगलं तर चिमूटभर ओवा, कणभर सैंधव, वर कोमट पाणी. धाप लागत असेल तर पुरचुंडी राहू दे, डॉक्टरकडे जा.