अळसांद्याचं घरचं बी: पेरणीपासून बरणीपर्यंत

चतुर्थीच्या आधी एकदा मी अळसांद्याच्या, म्हणजे आमच्या गोव्यातल्या चवळीच्या, बियाण्याची बरणी उघडली, तर दाण्यादाण्याला गोल भोकं आणि तळाला पीठ. दाणे नीट वाळवायच्या आधीच भरले होते. आमचं पिढ्यांचं बी त्या वर्षी शेजारच्या काकींकडून परत मागून आणावं लागलं. तेव्हापासून मी जे करतो, ते इथे सांगतो.

सरद (पावसाळी) भात कापलं की कुणग्यात, म्हणजे भाताच्या शेतात, ओल असते. ती सुकायच्या आत, तुळशीच्या लग्नाच्या सुमारास पेरा. दोन ओळींत दीड फूट, दोन दाण्यांत वीतभर अंतर ठेवा आणि दाणा बोटाच्या दोन पेरांइतका खोल टाका. युरिया घालू नका. फुलाला आलेलं एखादं झाड उपटून मुळांवरच्या गाठी फोडून पाहा: आत गुलाबी रंग दिसला तर हवेतला नत्र झाडाला मिळतोय. शेंड्यावर काळा मावा आला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाडा.

बियाण्याची झाडं उभ्या पिकातच निवडायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. आपण चांगल्या शेंगा खातो आणि उरलंसुरलं बियाण्याला ठेवतो. असं केलं तर वाण वर्षागणिक उतरत जातं. लवकर फुललेली, निरोगी, भरघोस शेंगांची वीस-पंचवीस झाडं हेरा आणि त्यांना लाल दोरा बांधा. त्यांची एकही शेंग भाजीला तोडायची नाही, घरात सगळ्यांना तसं सांगून ठेवा. पानं आक्रसलेली, पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची झाडं दिसताच उपटा, कारण तो विषाणूजन्य रोग बियांतूनही पुढे जातो.

अळसांद्याचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. परागीभवन बहुतेक त्याच फुलात होतं, त्यामुळे वाण सहसा शुद्ध राहतं. तरी शेजारी दुसऱ्या जातीची चवळी असेल तर मध्ये दहा-पंधरा पावलं सोडा.

शेंग तपकिरी झाली आणि हलवल्यावर खुळखुळली की काढा, तीही सकाळी दव असताना. उन्हात शेंग तडकते आणि दाणे मातीत जातात.

सोललेले दाणे सुपात पसरून एकेक बघा. पांढरा, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका चिकटलेला दिसला तर ते भुंग्याचं अंडं. भुंगा शेतातच सुकत्या शेंगांवर अंडी घालतो, म्हणून घर कितीही स्वच्छ असलं तरी कीड बरणीत येते. असे दाणे बाजूला काढा. बाकीचे तीन-चार दिवस उन्हात वाळवा आणि एक दाणा दाताखाली धरा: दाताची खूण उमटली तर अजून ओला, टणकन फुटला तर तयार. गार झाल्यावर घट्ट बरणीत भरून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, अंडी-अळ्या मरतात. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर दाण्यांवर दव धरतं. फ्रीजर नसेल तर चाळलेली कोरडी चुलीची राख दाण्यांत भरपूर मिसळा. गोव्याच्या पावसाळ्यात झाकण सैल राहिलं तर ही सगळी मेहनत वाया.

ऑक्टोबरमध्ये वीस दाणे ओल्या फडक्यात बांधा. आठवडाभरात सोळाच्या वर अंकुरले तर बी उत्तम. दहा-बारा असतील तर दाट पेरा. पेरताना बरणी रिकामी करू नका, दोन मुठी मागे ठेवा. अवेळी पावसाने रोपं कुजली तर दुसरी पेरणी त्यातूनच होईल.