फॉर्ममध्ये टॉगल स्विच: कुठे लावायचा, कसा बांधायचा

टॉगल म्हणजे गोळी सरकवून चालू-बंद करायची छोटी पट्टी. तो सरकवला की काम तिथल्या तिथे झालं पाहिजे, भिंतीवरचं बटण दाबल्यावर दिवा लागतो तसं. तळाशी ‘जतन करा’ असलेल्या फॉर्ममध्ये टॉगल नको, साधा चेकबॉक्स लावा.

समजा, तासगावच्या शीतगृहासाठी बेदाणा आवकेचा फॉर्म करायचा आहे. शेतकऱ्याचं नाव, गाव, बॉक्स किती, ‘मालाचा विमा हवा’ हे सगळं ‘नोंद करा’ दाबल्यावरच सर्व्हरला पोहोचतं. विम्याला टॉगल दिला, तर तो हिरवा झाला म्हणजे विमा उतरला असं समजून माणूस पान बंद करतो आणि माल विम्याविना राहतो. ‘सौद्याचे दर एसएमएसने पाठवा’ ही सेटिंग मात्र टॉगलची, कारण ती सरकवताच लागू होते.

एचटीएमएलमध्ये आत खरा चेकबॉक्सच ठेवा: इनपुट, टाइप चेकबॉक्स, रोल स्विच (म्हणजे स्क्रीन वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला तो स्विच आहे हे कळतं). डिव्हवर (नुसत्या चौकटीच्या टॅगवर) क्लिक बांधलात तर टॅब आणि स्पेसबार दोन्ही हातचे जातात. मूळ चेकबॉक्स लपवताना सीएसएसचं ‘डिस्प्ले नन’ वापरू नका, फोकस जातो, म्हणजे कीबोर्डने तिथे पोहोचता येत नाही. ऑपॅसिटी शून्य (पूर्ण पारदर्शक) करून तो पट्टीभर पसरा आणि फोकसची ठळक कड पट्टीला द्या.

माप असं धरा: पट्टी 44 बाय 24 पिक्सेल, गोळी 20, चारी बाजूंनी फट 2. म्हणजे गोळी बरोबर 20 पिक्सेल सरकते. डब्ल्यूसीएजी 2.2 मध्ये (वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणूनचे निकष) दाबण्याच्या जागेची किमान मर्यादा (एए, म्हणजे मधली पातळी) 24 बाय 24 आहे, पण मोबाईलवर ती पुरत नाही. पूर्ण ओळच लेबलमध्ये घ्या आणि उंची 44 ठेवा. पट्टीच्या रंगाचा पार्श्वभूमीशी फरक किमान 3:1 हवा. फक्त हिरवा-करडा यावर विसंबू नका, बाजूला ‘चालू’ किंवा ‘बंद’ लिहा. पट्टीच्या आत हे शब्द कोंबले तर मात्रा-उकार कापले जातात.

लेबल स्थितीप्रमाणे बदलू नका. ‘एसएमएस बंद करा’ असं लिहून टॉगल चालू दाखवला, तर एसएमएस येणार की नाही?

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक पुढची. बंद चेकबॉक्स फॉर्मसोबत पाठवलाच जात नाही. सर्व्हरला ‘नाही’ मिळत नाही, काहीच मिळत नाही, आणि जुनं ‘हो’ तसंच राहतं. उपाय: चेकबॉक्सच्या आधी त्याच नावाचं हिडन (पानावर न दिसणारं) इनपुट, किंमत 0, चेकबॉक्सची किंमत 1. सर्व्हरवर पीएचपी भाषा असेल तर ती शेवटची किंमत घेते, काही फ्रेमवर्क (तयार कोडचे सांगाडे) दोन्हींची यादी देतात, तेवढं तपासा. डिसेबल केलेला टॉगलही पाठवला जात नाही.

संमतीचा टॉगल आधीच चालू ठेवू नका. 2023 च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला संमतीसाठी स्पष्ट होकारात्मक कृती हवी आहे.

लगेच जतन करताना सर्व्हरला ‘उलट कर’ असं कधीच सांगू नका, ‘चालू कर’ किंवा ‘बंद कर’ अशी अंतिम स्थिती पाठवा. शिवारात रेंज गेली की तीच विनंती पुन्हा जाते, आणि दोनदा उलटं झालेलं मूळपदावर येतं. विनंती फसली तर गोळी मागे न्या आणि शेजारीच लिहा: ‘बदल झाला नाही, पुन्हा प्रयत्न करा.’